सुट्टी मिळावी म्हणून मी खोटं बोलले

माझं शिक्षण आठवीत सुटलं, त्यामुळे लिहायला बसले की हात अडखळतो. पण आमच्या गावच्या आशाताई म्हणाल्या, "वर्षा, मला तोंडानं सांगितलंस तसंच कागदावर उतरव. गरोदर बायांच्या बैठकीत वाचून दाखवते. माझं भाषण सुरू झालं की त्या जांभया देतात." म्हणून लिहिते आहे. यात डॉक्टरी माहिती फार नाही. ती आशाताई सांगतीलच. मला ज्याची लाज वाटते तेच यात जास्त आहे.

माझं माहेर वणीकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. सासर बीड तालुक्यात, लिंबागणेशच्या अलीकडं. मधे अख्ख्या दिवसाचा रस्ता, तोही तीन गाड्या बदलून. नवरा टेम्पो चालवतो, स्वभावानं गरीब आहे. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्या गरीब नाहीत.

दोन घरांच्या मधे

तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रात नाव घातलं, कार्ड मिळालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्यानंतर सातव्या महिन्यापर्यंत मला कोणी तपासलं नाही. यात सरकारी लोकांचा दोष नाही. आमचाच घोळ होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत इकडंही आहे आणि तिकडंही. आशाताई दोनदा दारात येऊन गेल्या. आत्याबाईंनी त्यांना ओट्यावरूनच सांगितलं, "तिचं समदं माहेरीच व्हणार हाय. तिथंच नाव घालत्यात, तिथंच सोनोग्राफी." मीही मान हलवली. आणि आईला फोन केला की आई म्हणायची, "सातव्यात येशीनच तू. तोवर तिकडचे लोक पाहून राह्यले ना?" मी म्हणायचे, हो.

सासरच्यांना वाटे माहेरचे बघतील, माहेरच्यांना वाटे सासरचे बघतात. मधल्या चार महिन्यांत माझ्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा एकदाही लागला नाही. पाय सुजायला लागले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "अंगात पाणी धरलंय, पोरगाच हाय." मला ते ऐकून बरं वाटायचं. बायांनो, पायावरची सूज मुलगा की मुलगी हे सांगत नाही. ती वेगळंच काही सांगत असते.

कासारीण

सातव्यात ओटी भरायची, हिरव्या बांगड्या भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या भावाबरोबर मला पाठवायचं, असं ठरलं. माझी पिशवी भरलेली होती. त्यात आईसाठी इकडची ज्वारी होती, कारण तिला तिची भाकरी आवडते.

बांगड्या भरायला कासारीण आली. तिनंच माझ्या लग्नात बांगड्या भरल्या होत्या. तिनं माझा हात हातात घेतला, दाबला, साबण लावला, पुन्हा दाबला. मला कळ आली. बाया हसत होत्या. एकजण म्हणाली, "खाऊन खाऊन माजलीय वर्षी!"

कासारीण हसली नाही. ती आत्याबाईंना म्हणाली, "लग्नात हिला सव्वादोनचं माप व्हतं. आता पावणेतीनबी जाईना. चरबीचा हात आसा दबत न्हाई, बाई. ह्यो सुजल्याला हात हाय. दवाखान्यात दावा हिला."

"उद्या माहेरी चाललीय ती," आत्याबाई म्हणाल्या. "तिथं दावतील."

"मी माझ्या डोळ्यानं बघितल्यालं सांगितलं. आता तुमी जाणं."

कशाबशा चार-चार बांगड्या चढल्या. पण तिचं बोलणं माझ्या मनातून जाईना. मी नवऱ्याला मागच्या दारी बोलावलं आणि आशाताईंना आणायला सांगितलं. त्या पट्टा घेऊन आल्या. एकदा मोजलं. मग दुसऱ्या दंडाला लावून मोजलं. मग मशीन खाली ठेवून माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाल्या, "टेम्पो रिकामा हाय का? आत्ताच्या आत्ता बीडला न्यायचं."

वरचा आकडा एकशेसत्तर होता. जेवणाच्या पंगती तशाच राहिल्या. मी ओटीतल्या नारळासकट टेम्पोत बसले, आत्याबाई शेजारी.

डावी कूस

बीडच्या दवाखान्यात लघवी तपासली, रक्त तपासलं. मॅडम तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी सांगितलं, गरोदरपणात रक्तदाब वाढलाय, लघवीतून नको ते जातंय, त्यामुळे अंगाला सूज आहे. औषधानं दाबून धरता येतं, बरं होत नाही. बाळंत झाल्यावरच तो उतरतो. पण बाळ अजून लहान आहे. म्हणून जितके दिवस तुम्हाला सांभाळून बाळाला पोटात ठेवता येईल तितके दिवस ठेवायचं.

"मला किती दिवस राहावं लागेल?"

"बाळंत होईपर्यंत."

"मला माहेरी जायचंय, मॅडम. उद्याच जायचंय."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्षा, रस्त्यात फीटचा झटका आला तर गाडीत कोण आहे तुझ्याजवळ?"

सलाइनची सुई लावायला सिस्टर आली तर बांगड्या मनगटात रुतलेल्या. ती म्हणाली, फोडाव्या लागतील. आत्याबाई कडाडल्या, "सवाष्णीच्या हातातल्या फोडायच्या? त्याबी ओटीच्या दिवशी?" सिस्टर म्हणाली, "मावशी, हात काळा पडेल." आत्याबाई माझ्या खाटेवर टेकल्या. मग त्यांनी आपला पदर माझ्या हाताभोवती गुंडाळला आणि एकेक बांगडी आपल्या हातानं अशी मोडली की आवाज झाला नाही. प्रत्येक वेळी पुटपुटत होत्या, "वाढवली... वाढवली..." दोन्ही हातांत एकेक ठेवली, जी जरा सैल होती ती. माझ्याशी त्या कधी गोड बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही बोलल्या नाहीत.

मग सुरू झालं ते पडून राहणं. डाव्या कुशीवर झोपायचं, बाळाला रक्त नीट जातं म्हणून. सकाळी लघवीची बाटली, मग पट्टा, मग गोळी, मग चहा. दर काही तासांनी पट्टा. बाळाच्या फुफ्फुसासाठी म्हणून इंजेक्शनं दिली. जेवल्यावर हात पोटावर ठेवून बाळ किती वेळा हलतं ते बघायचं. फक्त संडासला उठायचं. खिडकी माझ्या पाठीमागं होती. बाहेर ऊन आहे की आभाळ, हे मला येणाऱ्या माणसांच्या तोंडावरून कळायचं. माझ्या वाट्याला जगाची फक्त डावी बाजू होती. एक भिंत, एक पंखा आणि रेहाना.

रेहाना

रेहाना बीडचीच. नवऱ्याचा फळांचा गाडा. तिचं तिसरं बाळंतपण, साखर वाढली म्हणून पडलेली. तिची तोंडओळख अशी झाली: तिचा नवरा संध्याकाळी आला, सिस्टरांना संत्री देऊन गेला, आणि ही मला म्हणाली, "बघितलं? घरात केळ्याच्या फण्याच्या फण्या, आन् मला एक केळं न्हाई. माझ्या नशिबात कारलं लिहिलंय."

मी वणीकडची म्हणून ती मला वणीवाली म्हणायची. माझी भाषा ऐकून हसायची. मी 'कशाला'ऐवजी "कायले" म्हटलं की ती "कावून" म्हणून मला चिडवायची आणि आत्याबाई खालून, सतरंजीवरून, म्हणायच्या, "झोपा गं दोघीबी. चिमण्या बऱ्या तुमच्यापेक्षा."

पण सगळे दिवस असे नव्हते. चौथ्या दिवशी आईचा फोन आला. आत्याबाईंनी स्पीकर लावला.

"माही पोरगी मरणाच्या दारात पाठवली तुमी," आई म्हणाली. "चार महिने एक तपासणी केली नाही!"

"आन् तुमी? पयलं बाळंतपण तुमचं व्हतं. एकदा तरी इचारलं का, कार्डावर काय लिव्हलंय म्हणून?"

"मी इतकी दूर..."

"मी तर जवळच व्हते की!" आत्याबाई ओरडल्या, आणि ते वाक्य आपण आपल्याच विरुद्ध बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी फोन माझ्या उशाशी टाकला आणि वॉर्डाच्या बाहेर निघून गेल्या. आई पलीकडून रडत होती. मी मधे. मला कूससुद्धा बदलता येत नव्हती.

नवरा एक दिवसाआड यायचा. पायाशी बसायचा. काय बोलावं त्याला सुचायचं नाही, मग तो माझ्या पायाचा अंगठा धरून बसायचा. एकदा मी त्याच्यावर ओरडले, "मला इथून काढा! मी तुमच्या घरात राहायला आले होते, या खाटेवर नाही!" तो म्हणाला, "काढतो." मग म्हणाला, "कसं काढू?" त्याच्या डोळ्यांत पाणी बघून मला स्वतःचाच राग आला. पण बाहेर पडायची इच्छा कमी झाली नाही. ती वाढतच गेली. संडासला जाताना जिन्याचं दार दिसायचं. मला रोज वाटायचं, चालू लागावं. चप्पल नसली तरी चालेल.

माझं ठरलेलं

दोन आठवडे झाले. रक्तदाब गोळ्यांनी बराच ताब्यात आला. गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत असाच राहिला आणि काही त्रास नसला, तर सुट्टीचा विचार करू. पण बीडमधेच राहायचं, दवाखान्यापासून जवळ. दर दोन दिवसांनी दाखवायचं. प्रवास नाही."

मी फक्त "सुट्टी" एवढंच ऐकलं.

त्याच दुपारी, आत्याबाई धुणं वाळत घालायला गेल्या असताना, मी आईला फोन केला. भावाला गाडी घेऊन पाठव म्हणाले. शनिवारी सुट्टी झाली की थेट वणी. सासरच्यांना खाली गाडीत बसल्यावर सांगू. आई एकदा म्हणाली, "डाक्टरीन काय म्हणते?" मी म्हणाले, "जा म्हणते." हे माझं पहिलं खोटं.

रेहानानं सगळं ऐकलं होतं. तिनं मला फोन ठेवू दिला. मग म्हणाली, "वणीवाली, मॅडम असं बोलल्या न्हाईत."

"तुझं घर इथं पाच मिनिटांवर आहे. तुला काय कळणार?"

"बरं बाई," ती म्हणाली आणि तोंड फिरवून उजव्या कुशीवर वळली. तिलाही खरं तर डाव्याच कुशीवर झोपायला सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी उठले तेव्हा डोकं दुखत होतं. आधीसारखं नाही. कपाळाभोवती लोखंडाची पट्टी आवळावी तसं. भिंतीवर काजवे दिसत होते, भर उजेडात. बरगडीच्या खाली जळजळत होतं. मला या तिन्ही गोष्टी माहीत होत्या. सिस्टर रोज हेच तीन प्रश्न विचारायची. मी पंधरा दिवस रोज ऐकले होते.

सिस्टर आली. "डोकं दुखतंय का?"

"नाही."

"डोळ्यांपुढं काही? अंधारी, चमक?"

"नाही."

"पोटात वरच्या बाजूला?"

"काही नाही, सिस्टर. एकदम बरी आहे."

तिनं पट्टा लावला. आकडा वर होता. मी म्हणाले, "आत्ताच संडासहून चालत आले ना, म्हणून असेल." ती थोडी थांबली. "ठीक आहे. अर्ध्या तासानं परत घेते," म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली. तेवढ्यात भावाचा फोन वाजला. "आलो ना मी. खाली गेटापाशी गाडी लावली. ये तू."

आणि रेहाना उठून बसली. तिला उठायला वेळ लागायचा, पण त्या दिवशी एका झटक्यात उठली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "सिस्टर! ही झूट बोलतीय! सकाळधरनं डोकं भिंतीला लावून बसलीय. मला म्हणाली लाइट बंद कर, लाइट तर लागलेलीच न्हाई! आन् हिचा भाऊ गाडी घेऊन आलाय, वणीला पळणार हाय ही!"

मला तिचा गळा धरावा वाटलं. मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते, तिच्या जातीधर्मावरूनही बोलले. आत्याबाई मधे उभ्या होत्या, हातात चहाचा ग्लास. त्या एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, फार हळू, "वर्षे, खरं सांग. डोकं दुखतंय का?"

मी म्हणाले, "लई."

यानंतरचं मला आठवत नाही. जे लिहिते ते ऐकलेलं आहे.

ऐकलेलं

मला लेबर रूममध्ये नेलं. इंजेक्शन देतच होते तेव्हा झटका आला. हातपाय ताठले, दातखीळ बसली, जीभ चावली गेली. पण चारी बाजूंनी माणसं उभी होती, औषध हातात होतं. अर्ध्या-पाऊण तासात झटका आटोक्यात आणून, मला स्थिर करून, ऑपरेशन केलं. मुलगी झाली. दीड किलोपेक्षा थोडी जास्त. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

मला शुद्ध आली तेव्हा जीभ सुजलेली होती, बोलता येत नव्हतं. अंगात झटक्यावरचं औषध चालू होतं, त्यानं सगळं अंग तापल्यासारखं वाटायचं. आत्याबाई उशाशी होत्या. मी डोळ्यांनीच विचारलं. त्या म्हणाल्या, "हाय. पोरगी हाय. जित्ती हाय. बोटं समदी हायेत, मी मोजली."

मग थोड्या वेळानं, माझ्याकडे नाही, सलाइनच्या बाटलीकडे बघत म्हणाल्या, "तुझा भाऊ खाली गेटापाशी बसून रडला. तो म्हनला, गाडी लगेच निघाली असती तर झटका आला तवा आमी गढी गावाच्याबी पुढं गेलो नसतो. दोन्ही अंगाला ऊस आन् मधी रस्ता."

चार-पाच दिवसांनी मला कळलं की आत्याबाई रोज वरच्या, माझ्या आधीच्या वॉर्डात जातात. रेहानाच्या घरचे संध्याकाळीच यायचे, दिवसभर तिच्याजवळ कोणी नसे. आत्याबाई तिचे कपडे धुवायच्या, पाणी भरून द्यायच्या. मी एकदा विचारलं, तिला काय म्हणालात? त्या म्हणाल्या, "काय म्हनायचं? धुणं दे म्हनले. ती म्हनली, नको मावशी. मी म्हनले, दे गप."

बाहेर

मुलगी तीन आठवडे पेटीत होती. मी रोज दूध काढून न्यायचे, वाटी-चमच्यानं पाजायचे. मग छातीशी धरायला दिलं. उघड्या अंगाला उघडं अंग, वरून माझी साडी. तिथं कोणी मला घाई केली नाही. सिस्टर म्हणायची, "बसा, जेवढा वेळ बसता येईल तेवढा वेळ बसा." या दवाखान्यातल्या कुणाचंही नाव मी इथं लिहीत नाही, पण त्या सगळ्यांना रोज सकाळी हात जोडते.

दरम्यान आई आली. वणीहून एकटी, तीन गाड्या बदलून. मला वाटलं, आता दोघी भांडणार. आई पेटीपाशी उभी राहिली, काचेवर कपाळ टेकलं. आत्याबाई तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इहीनबाई, बाळंतपण तुमचं व्हतं, मी मधीच उरकलं. आता सव्वा महिना तुमी आमच्या घरी ऱ्हावा. तुमच्या हातचं खाऊ द्या तिला." लेकीच्या सासरी इतके दिवस राहायचं म्हणजे आईला अवघडल्यासारखं झालं. पण राहिली.

रेहानाला मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा. तिची सुट्टी माझ्याआधी झाली. जायच्या दिवशी ती बाळाला घेऊन माझ्याकडे आली. मी खाटेवरून उठले, तिच्या पाया पडायला वाकले, तर ओढून धरलं तिनं.

"टाके तुटतील, पागल."

मी म्हणाले, "मी तुला जे बोलले..."

"ऐकलं मी. बहिरी न्हाई." ती हसली नाही. "लई लागलं मला. दोन दिवस रडले. पण परत तीच येळ आली तर परत सांगीन. आन् परत तू शिव्या दिल्या तर परत ऐकीन."

"तू कशी काय बोललीस? बाकी कोणीच..."

"बाकीच्यांना तू बरी व्हावी वाटत व्हतं, म्हणून तू सांगशील ते त्यांनी मानलं. मला तुझं खरं दिसत व्हतं. समोरच झोपत व्हते ना."

ती गेली. मी मुलीचं नाव काय ठेवलं ते विचारतात सगळे. ते रेहाना नाही. ते आत्याबाईंना पटलं नसतं आणि रेहानालाही आवडलं नसतं. नुसतं नाव ठेवून असलं ऋण फिटत नाही.

आता मुलगी रांगते. माझी रक्तदाबाची गोळी बंद झाली, तरी महिन्यातून एकदा मोजून घेते.

बायांनो, तपासणी कुठं करायची ते सासर-माहेरनं मिळून ठरवा, पण कुठंतरी दर महिन्याला कराच. दंडाला पट्टा लावून घ्या, लघवी तपासा, कार्ड उशाशी ठेवा. हे आशाताई सांगतीलच. मला सांगायचं ते एवढंच: खोटं बोलायची वेळ तुमच्यावरही येईल. घरी जायचं असेल, नवऱ्याचा खाडा होत असेल, सासू थकली असेल, नुसता कंटाळा आला असेल. तेव्हा तुम्ही म्हणाल, मला काही होत नाही. म्हणून आत्ताच, बऱ्या असताना, एका बाईला सांगून ठेवा की त्या वेळी माझं ऐकू नकोस.

परवा चुलत जावेकडे गेले होते. तिला सहावा लागलाय. तिनं चहा केला. मी विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, "बरी हाय की, ताई."

मी चहा संपवला आणि तिथंच बसून राहिले.